जुना डेस्कटॉप: दुरुस्ती, अपग्रेड आणि ‘कालबाह्य’ या शब्दाची तपासणी



विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की इथे स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रात्यक्षिक होणार आहे. तसं नाही. आम्ही चौघं गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी जुने डेस्कटॉप दुरुस्त करतो. घरांतले, शाळांमधले, छोट्या ऑफिसांमधले. त्या कामातून आमची काही मतं बनली आणि काही मोडली. आज त्या मतांची झाडाझडती घ्यायची आहे. बाजार जे सांगतो त्याची, आणि आम्ही दुरुस्तीवाले जे सांगतो त्याचीही.

एका छापखान्यापासून सुरुवात करू. तालुक्याच्या गावातला छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, अशी कामं. मालकांकडे विंडोज एक्सपीचं मशीन, त्यावर पेजमेकर 7 आणि मराठी फॉन्टचं एक जुनं सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअर चालायला मागे प्रिंटर पोर्टला हार्डवेअर लॉक लावावं लागतं. एक दिवस मशीन सुरूच होईना. गावातल्या दुकानदाराने झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, ‘काका, हे संपलं. नवीन घ्या.’

आता हा सल्ला नीट तपासू. नवीन कॉम्प्युटर घेतला तर काय होतं? त्याला मागे प्रिंटर पोर्ट नाही. त्यावर येतं विंडोज 11, आणि ते फक्त 64-बिट आहे. लॉकचा जुना 32-बिट ड्रायव्हर त्यावर चढत नाही. पेजमेकरची 7 ही शेवटची आवृत्ती 2001ची, तिला युनिकोड कळत नाही. म्हणजे वर्षानुवर्षांच्या फाइली समोर असून वाचता येणार नाहीत. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेलं नसतं. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट गेला, की उरतात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा.

म्हणजे दुकानदार ज्याला जुना डबा म्हणत होता, तो एका माणसाच्या धंद्याचा दस्तऐवजखाना होता. आणि बिघाड काय होता? मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारचे पाच कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. 2000च्या आसपासच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांवर हा रोग सर्रास दिसतो, त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर वापरले गेले होते. त्याच मापाचे, 105 अंश तापमान सहन करणारे नवे कपॅसिटर लावले आणि मशीन उठलं.

ही गोष्ट सांगून टाळ्या घेणं सोपं आहे. पण आम्ही ती पुढे पुन्हा काढणार आहोत, कारण त्या दिवशी आम्ही जे केलं ते अर्धंच काम होतं.

आधी ‘स्लो झालाय’ या तक्रारीकडे बघू. आपल्याकडे या तक्रारीवर एकच औषध आहे: फॉरमॅट मारा. महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. का? डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 7200 फेरे फिरते. एका फेऱ्याला साधारण 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद. हेड योग्य जागी सरकायला आणखी 8-9. म्हणजे विखुरलेली माहिती वाचायची तर सेकंदाला जेमतेम 80 वेळा. आजची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना अशा हजारो छोट्या तुकड्यांची मागणी करते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, तिथे एका मागणीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वेळ लागतो. त्यामुळे बहुतेक जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलेला असतो, आणि आपण प्रोसेसरला म्हातारा म्हणतो.

तेव्हा पहिला उपाय एसएसडी, दुसरा रॅम. 4 जीबीवर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या की मशीन डिस्कलाच रॅम म्हणून वापरू लागतं, आणि मग सगळंच रखडतं. 8 जीबी केली की बहुतेक घरगुती आणि ऑफिसच्या कामाला पुरते. खरेदीपूर्वी एवढं बघा, की आपल्या बोर्डला डीडीआर-3 लागते की डीडीआर-4. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्यात बसत नाही. 2025च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले, त्यामुळे बंद मशीनमधून काढलेली रॅम हल्ली जपून ठेवण्यासारखी वस्तू झाली आहे.

आणि काही वेळा यातलं काहीच लागत नाही. एक आजोबा आले, म्हणाले, ‘इंटरनेट बंद आहे, कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, राउटरही बदलला.’ कॉम्प्युटरची तारीख बघितली तर कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा नाण्यासारखा सेल संपला होता. वीज गेली की घड्याळ मागे जायचं, आणि ब्राउझरला प्रत्येक वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटायचं. घड्याळात असतो तसला एक सेल, एवढाच इलाज. कोकणातल्या पावसाळ्यात रॅमच्या पट्टीवर ओल धरते आणि मशीन नुसतं बीप-बीप करतं. त्यावर खोडरबर घासायची आपली जुनी पद्धत आहे. चालते, पण रबराचा भुगा खाचेत राहतो आणि मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं.

हे झालं बिघाडाचं. पण 14 ऑक्टोबर 2025पासून जो प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, तो बिघाडाचा नाहीच. त्या दिवशी विंडोज 10ची नियमित सुरक्षा अपडेट बंद झाली. मशीन ठणठणीत, पण विंडोज 11 म्हणतं, ‘तुमचा पीसी पात्र नाही.’ इथे ‘कालबाह्य’ हा शब्द खरोखर तपासावा लागतो.

विंडोज 11च्या अटी अशा: 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण, यूईएफआय आणि सिक्युअर बूट, टीपीएम 2.0, आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. कारण दिलं जातं सुरक्षिततेचं आणि विश्वासार्हतेचं. सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. टीपीएममुळे डिस्कच्या कुलपाची किल्ली वेगळ्या, सुरक्षित जागी राहते, आणि सिस्टिम सुरू होण्याआधी घुसणाऱ्या व्हायरसना सिक्युअर बूट आळा घालतं. हे मान्य. प्रश्न आहे रेषा कुठे ओढली त्याचा.

तीन गोष्टी बघा. एक, टीपीएम. सहाव्या-सातव्या पिढीच्या कित्येक इंटेल मशीनमध्ये टीपीएम 2.0 बोर्डच्या फर्मवेअरमध्येच आहे, बायॉसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं एवढंच. म्हणजे ही अट ती मशीनं पुरी करतात. दोन, मेमरी इंटेग्रिटी नावाची संरक्षणाची सोय. ती वेगात चालायला प्रोसेसरमध्ये जी खास यंत्रणा लागते, ती इंटेलच्या सातव्या पिढीत आलेली आहे. तरी सातवी पिढी बाहेर. उलट एएमडीने तशी यंत्रणा झेन 2पासून दिली, आणि तिच्या आधीच्या पिढीचा रायझन 5 2600 मात्र यादीत आहे. तीन, ताकद. जानेवारी 2017चा आय-फाइव्ह 7500, चार कोअर, 3.4 गिगाहर्ट्झ, अपात्र. 2019च्या अखेरचा सेलेरॉन एन 4020, दोन कोअर, स्वस्त लॅपटॉपमधला, पात्र. दोन्हींवर शेजारी शेजारी एक्सेलची मोठी फाइल उघडा, म्हणजे आम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

विश्वासार्हतेसाठी मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2021मध्ये आकडे दिले होते. चाचणीत अपात्र मशीनवर कर्नल पातळीवरचे क्रॅश 52 टक्के जास्त झाले, तर पात्र मशीनवरचा अनुभव 99.8 टक्के क्रॅशमुक्त होता. दोन्ही आकडे एकाच मोजमापाचे आहेत असं क्षणभर धरलं, तर फरक 0.2 टक्के आणि 0.3 टक्के एवढाच निघतो. 52 टक्के ऐकायला फार, प्रत्यक्षात हजारात एक. आणि त्याच सुमाराला सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरना यादीत घेतलं गेलं. त्यातला एक होता कोअर आय-सेव्हन 7820 एचक्यू, जो कंपनीच्या स्वतःच्या, तेव्हा विक्रीला असलेल्या सरफेस स्टुडिओ 2मध्ये बसवलेला होता. यामागचा हेतू काय ते आम्ही सांगू शकत नाही. पण रेषा निव्वळ तांत्रिक असती तर ती एवढी वाकडी नसती, असं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

मात्र दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही तपासायला हवी. विंडोज 10 बंद झाल्यामुळे 24 कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात, हा अंदाज कॅनालिस या संस्थेने डिसेंबर 2023मध्ये दिला. पुढे तो अनेक ठिकाणी ‘24 कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाणार’ असा छापून आला. मूळ वाक्यातलं ‘शकतात’ गळलं. आपल्या गावात एक चक्कर मारा. एक्सपीची अपडेट 8 एप्रिल 2014ला थांबली, विंडोज 7ची 14 जानेवारी 2020ला. तरी दोन्ही दुकानांच्या गल्ल्यांवर अजून दिसतात. आपल्याकडे मशीन अपडेट संपलं म्हणून कचऱ्यात जात नाही. ते अपडेटशिवाय, त्यावरच बँकेचे व्यवहार करत, वर्षानुवर्षं चालू राहतं. आमच्या मते आपल्याकडचा मोठा धोका हा आहे, आणि त्याची मोजणी त्या 24 कोटींमध्ये नाही.

आता आमच्याकडे वळतो. दुरुस्तीवाल्यांचंही एक वेड असतं. मशीन सुरू झालं, की आम्हाला वाटतं काम झालं.

एका ऑफिसने काढून टाकलेले आठ डेस्कटॉप आम्ही एका गावच्या शाळेला दिले. एसएसडी टाकल्या, थर्मल पेस्ट बदलली, लिनक्स चढवलं. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. सहा महिन्यांनी गेलो तर सहा मशीनवर प्लास्टिकची आच्छादनं आणि त्यावर धूळ. मशीन एकही बिघडलं नव्हतं. शाळेतल्या लेसर प्रिंटरला लिनक्सचा ड्रायव्हर नीट मिळत नव्हता. हेडसरांची सगळी पत्रं, दाखल्यांचे नमुने जुन्या फॉन्टमध्ये होते, ते नव्या मशीनवर उघडल्यावर वाचता येत नव्हते. बोनाफाइड दाखला छापायचा तर बाईंना पेन ड्राइव्ह घेऊन स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं लागत होतं. आम्ही दिलेल्या आठ मशीनमुळे त्यांचं काम वाढलं होतं. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘दादा, देण्याआधी विचारलं असतंत तर आम्ही प्रिंटरचं सांगितलं असतं.’

हे आम्हाला लागलं, आणि अजून लागतं. आम्ही बोर्ड तपासला, रॅम तपासली, काम तपासलंच नाही. त्यानंतर आम्ही दोन मशीनवर विंडोज ठेवलं आणि त्यांना प्रिंटर जोडला. पत्रांचे नमुने युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून दिले, आणि बाकीच्या सहांवर मुलांसाठी लिनक्स राहिलं. मराठी टायपिंगसाठी लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, पण ज्यांचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीवर बसला आहे त्यांना ते शिकायला वेळ द्यावा लागतो. हा वेळ दुरुस्तीच्या खर्चात धरायचा असतो, आम्ही धरला नव्हता.

दुसरी चूक विजेची. जुनं ते सगळं वाचवायचं या हट्टापायी आम्ही पेंटियम 4ची मशीनंसुद्धा जिवंत केली. हिशोब करून बघा. समजा जुनं मशीन नव्या छोट्या पीसीपेक्षा 60 वॅट जास्त खातं. रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 144 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला 1,440 रुपये. तीन-चार वर्षांत एक चांगला सेकंडहँड डेस्कटॉप त्यातच बसेल. शिवाय 32-बिट मशीनला आता लिनक्सचाही आधार आटत चालला आहे. ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या डेबियन 13ने त्यांच्यासाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणं थांबवलं. अशा मशीनचं रोजच्या वापरापुरतं आयुष्य खरोखर संपलं आहे, आणि तसं सांगणं हेही दुरुस्तीवाल्याचं काम आहे.

तिसरी गोष्ट एसएमपीएसची. नामांकित कंपन्यांच्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये तो अनेकदा वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या कनेक्टरचा असतो, बाजारातला साधा बसत नाही. मग लोक जुगाड करतात, स्वस्तातला, लेबलवर 450 वॅट लिहिलेला एसएमपीएस बाहेर लटकवतात. एसएसडीवर पैसे वाचवले तर मशीन जरा हळू चालेल, एसएमपीएसवर वाचवले तर तो जाताना बोर्डला घेऊन जाऊ शकतो. इथे दोष ग्राहकाचा कमी आणि रचनेचा जास्त आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा जो आराखडा तयार करवला, त्यात पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेट आहेत. डेस्कटॉपचाही त्यात विचार व्हायला हवा. चार स्क्रू काढून कुणालाही उघडता येणारं हे घरातलं शेवटचं यंत्र असेल, आणि तेही आता हळूहळू बंद डब्याकडे चाललं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या फक्त 22.3 टक्क्यांची आहे. उरलेल्यातला बराच दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये उघड्यावर फोडला, जाळला जातो. म्हणून दुरुस्ती हवीच. पण ‘दुरुस्त झालं’ याची आमची व्याख्या आता बदलली आहे. ज्याला मशीन द्यायचं, त्याचं काम त्यावर होतं का, सुरक्षा अपडेट कुठून येणार, आणि अडलं तर गावात कोण बघणार, या तिन्हींची उत्तरं मिळाली तरच दुरुस्ती पुरी.

या मापाने त्या छापखान्याचं काय? मशीन सुरू झालं, पण तो लॉक आणि ती डिस्क कधीही जाऊ शकत होती. म्हणून आम्ही दोन महिन्यांनी परत गेलो. डिस्कची हुबेहूब नक्कल करून दुसरी डिस्क तयार ठेवली. मशीन इंटरनेटपासून तोडलं, कारण आजच्या जाळ्यात एक्सपी सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. महत्त्वाच्या सगळ्या कामांच्या पीडीएफ काढल्या, म्हणजे निदान दिसतील आणि छापता येतील. आणि पतसंस्थेचा अहवाल, जो दरवर्षी थोडा बदलून पुन्हा लागतो, तो युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, प्रत्येक पान डोळ्यांनी तपासावं लागतं. मालक आणि त्यांची सून मिळून ते करताहेत. जुनं मशीन त्यांना हे काम संपेपर्यंतचा वेळ मिळवून देतंय. त्याचा खरा उपयोग तोच आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: अपात्र मशीनवर विंडोज 11 टाकून देणारे पुष्कळ आहेत. तुम्ही का देत नाही?

उत्तर: स्वतःच्या मशीनवर टाकायला आमची हरकत नाही, आमच्यातल्या एकाने टाकलंही आहे. सातव्या पिढीवर बरं चालतं. पण अशा मशीनला अपडेटची हमी नाही असं कंपनी स्पष्ट सांगते, आणि वर्षाची मोठी आवृत्ती बहुधा आपोआप येत नाही, कुणीतरी बसून हाताने टाकावी लागते. कोअर 2 ड्युओवर तर 24एच2 ही आवृत्ती सुरूच होत नाही, प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत. शाळेला किंवा वयस्कर माणसाला असं मशीन देणं म्हणजे पुढच्या वर्षीची अडचण त्यांच्या गळ्यात बांधणं. मात्र आठव्या किंवा नंतरच्या पिढीचं मशीन ‘अपात्र’ दाखवत असेल, तर नवीन घ्यायच्या आधी बायॉसमध्ये टीपीएम सुरू आहे का ते बघा.

प्रश्न: आमच्याकडे 2014चा आय-थ्री आहे, 4 जीबी रॅम, विंडोज 10. मुलगी बारावीला आहे. खर्च करू की नको?

उत्तर: ताई, लगेच काही विकत घेऊ नका. आधी दोन गोष्टी करा. विंडोज 10ची वाढीव सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणजे तेवढी मुदत हाताशी आली. मग मुलीला विचारा, क्लासचं ॲप कुठलं, ते ब्राउझरमध्ये चालतं का, प्रिंटर लागतो का. ब्राउझरमध्ये चालत असेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, इन्स्टॉल न करता, एक आठवडा वापरून बघू दे. पेन ड्राइव्हवरून जरा हळू चालेल, त्यावरून वेगाचं मत बनवू नका. जमलं तर एसएसडी आणि 4 जीबीची आणखी एक डीडीआर-3 पट्टी घ्या, जुनी चालेल. नाही जमलं, तर तो खर्च वाचला असं समजा आणि ते पैसे पुढच्या मशीनसाठी ठेवा. पण त्या आठवड्यानंतर निर्णय मुलीला घेऊ द्या. मशीन तिला वापरायचं आहे.